चाळीस पोती

पहिल्या दिवशी आम्ही किनाऱ्यावरून चाळीस पोती कचरा गोळा केला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यातली अकरा जागेवर होती. बाकीची समुद्र घेऊन गेला, आणि त्यातला बराचसा माल पुन्हा वाळूवर पसरून ठेवून गेला. आधीपेक्षा जास्त लांबवर पसरून.

सुरुवात साधीच होती. संध्याकाळी किनाऱ्यावर फिरायला येणारे आम्ही दहा-बारा जण. रोज त्याच बाटल्या, त्याच चपला, तेच दोर बघून रोज तेच बोलायचो. शेवटी कुणीतरी म्हणालं, बोलतोय कशाला, उचलू या. फोनवर निरोप फिरले आणि रविवारी दुपारी साठच्या वर माणसं जमली. हातमोजे जमेल तसे आणले होते. बांधकामावरची रिकामी सिमेंटची पोती फुकट मिळाली. आमच्यातले एक काका, जन्मभर गोदाम सांभाळून निवृत्त झालेले, लाल ऑइलपेंटचा डबा आणि ब्रश घेऊन आले होते. प्रत्येक पोत्यावर त्यांनी नंबर घातला. कशाला हो, असं विचारलं तर म्हणाले, "नंबर नसलेला माल हरवलेलाच समजायचा." सगळे हसले. मीही.

त्या तीन तासांत आम्ही जे काही केलं, त्यातलं बहुतेक आज करू नका असं सांगते. दाताळ्यांनी ओलं शेवाळ ओढून पोत्यात कोंबलं, कारण शेवाळ काढल्यावर वाळू स्वच्छ दिसत होती. पोती गळ्यापर्यंत भरली, मग ती चौघांना उचलेनात, म्हणून फरफटत नेली आणि दोन तिथेच फाटली. मोठं ते उचललं, लहान ते पायाखाली वाळूत दाबलं. शेवटी पोत्यांचा डोंगर रचला, त्याच्यापुढे उभं राहून फोटो काढले. गाडी दुसऱ्या दिवशी सकाळी येणार होती.

निघताना एक वयस्क कोळीबाबा होडीजवळ जाळं विणत बसलेले होते, ते म्हणाले, "पोती वर न्या. रस्त्याला लावा."

आम्ही त्यांना सकाळच्या भरतीची ओली रेघ दाखवली. पोती तिच्याही चांगली दहा पावलं वर होती.

"ती सकाळची," ते म्हणाले. "रात्रीची येगळी."

"पण अमावस्या तर काल झाली, बाबा."

"म्हणून तर."

आम्ही दमलो होतो. पोती तिथेच राहिली.

सकाळी सहाला मी गेले तेव्हा सगळ्यात आधी दिसली ती पोत्यांची तोंडं. आम्ही सुतळीने बांधली होती, ती गाठ ओली झाल्यावर घट्ट बसली होती. तोंड तसंच बांधलेलं आणि खाली पोतं उसवलेलं. आतला माल एका लांब वळणावळणाच्या पट्ट्यात पडला होता. त्यात मला मी स्वतः उचललेली एक निळी लहान मुलाची चप्पल दिसली. तिच्यावर बेडकाचं चित्र होतं, म्हणून ओळखली. गाडीवाल्याने अकरा पोती चढवली, उरलेल्या किनाऱ्याकडे पाहिलं आणि काही न बोलता गेला.

त्या बाबांकडे मग मी रीतसर शिकायला गेले. पौर्णिमा-अमावस्येला सूर्य आणि चंद्र एका रेषेत ओढतात म्हणून उधाण, हे शाळेत वाचलेलं होतं. पण उधाणाचं सगळ्यात मोठं पाणी नेमकं तिथीला येतंच असं नाही. बहुतेक किनाऱ्यांवर ते एक-दोन दिवस मागाहून चढतं, हे शाळेत कुणी सांगितलं नव्हतं. एकाच दिवसाच्या दोन भरत्या सारख्या उंचीच्या नसतात, हेही नाही. एका भरतीपासून दुसरी साधारण १२ तास २५ मिनिटांनी, म्हणून रोजची वेळ सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. वारा किनाऱ्याकडे असेल तर तक्त्यात लिहिलेल्या उंचीच्याही वर पाणी येतं. आता आमचा बेत रविवार बघून ठरत नाही, भरतीचा तक्ता बघून ठरतो. ओहोटीच्या दोन तास आधी उतरायचं, पाणी मागे जाईल तसं खाली सरकायचं, पाणी फिरलं की वर यायचं. आणि पोती रस्त्यावर. एकही अपवाद नाही.

दुसऱ्या वेळी एकवीस माणसं आली. तिसऱ्या वेळी नऊ. हे सगळीकडेच होतं म्हणतात, तरी मनाला लागलंच. मुंबईत वर्सोव्याच्या किनाऱ्यावर ऑक्टोबर २०१५ मध्ये अफरोज शाह या वकिलांनी आणि त्यांच्या ८४ वर्षांच्या शेजाऱ्यांनी दोघांनीच सुरुवात केली होती. पुढे तिथे शेकड्यांनी माणसं आली, २०१६ मध्ये शाह यांना संयुक्त राष्ट्रांचा पर्यावरण पुरस्कार मिळाला, हे सगळ्यांना माहीत असतं. मला त्यातलं 'दोघांनीच' एवढंच पुरलं. आम्ही तर नऊ होतो.

नऊ जणांनी सगळा किनारा साफ होणार नव्हता, हे उघड होतं. मग आम्ही शंभर मीटरचा एक तुकडा धरला. एका टोकाला मोडका खांब, दुसऱ्या टोकाला खडक. दर महिन्याला तोच तुकडा, आणि त्यातलं जे उचलू ते मोजायचं. मोजायची कल्पना गोदामवाल्या काकांची, पण ती जुनी आहे हे नंतर कळलं. १९८६ मध्ये अमेरिकेतल्या टेक्सासच्या किनाऱ्यावर लिंडा मारानिस आणि कॅथी ओहारा या दोघींनी २,८०० लोकांना बोलावून सफाई केली, तेव्हा त्यांनी प्रत्येकाच्या हातात कार्ड दिलं होतं. उचललेली प्रत्येक वस्तू त्यावर लिहायची. सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारी जगभर होणारी किनारासफाई त्यातूनच वाढली, आणि कार्ड अजून आहे.

आधी आम्ही वजन करत होतो. लटकता काटा, पोतं अडकवायचं, आकडा ओरडून सांगायचा. आकडा मोठा आला की टाळ्या. एकदा एक पोतं दोन दिवस वाळवलं, नीट झटकलं आणि पुन्हा काट्याला लावलं, तर वजन निम्म्यावर आलं. म्हणजे इतके महिने आम्ही वाळू आणि पाणी वर वाहत होतो, त्यावर टाळ्याही वाजवत होतो. त्या दिवसापासून नग मोजतो. मोजायचे नियम आधी ठरवावे लागतात, नाहीतर दोन माणसांत भांडण. तुटलेली बाटली एक की दोन? दोराचे धागे सुटलेले असतील तर? आमचा नियम असा की अडीच सेंटिमीटरपेक्षा मोठा तुकडा तो एक नग, ओळखू येत असेल तर वस्तूच्या नावावर, नसेल तर 'प्लास्टिकचे तुकडे' या रकान्यात.

मोजायला लागल्यावर पहिलं कोडं पडलं ते झाकणांचं. बाटल्यांपेक्षा झाकणं कितीतरी जास्त. इतकी झाकणं, मग त्यांच्या बाटल्या कुठे गेल्या? आमच्यात एक रसायनशास्त्र शिकवणाऱ्या बाई आहेत. त्यांनी समुद्राच्या पाण्याची बादली भरून घेतली, बाटलीचा एक तुकडा कापून टाकला, शेजारी झाकण टाकलं. तुकडा डोलत डोलत तळाला गेला. झाकण वर. बाटलीचं प्लास्टिक, म्हणजे पेट, एका लिटरला जवळपास १,३८० ग्रॅम भरतं. समुद्राचं पाणी १,०२५ च्या आसपास. झाकणाचं प्लास्टिक पाण्याहून हलकं. झाकण लावलेली बाटली आतल्या हवेवर तरंगत येते. झाकण निघालं की ती पाणी पिते आणि बुडते. किनाऱ्यावर येतं ते झाकण. एवढा वेळ आम्ही किनारा बघून समुद्राचा अंदाज बांधत होतो आणि समुद्र आम्हाला फक्त तरंगणाऱ्या वस्तूंचा हिशोब देत होता. बाई मात्र शांतपणे तो बुडालेला तुकडा बादलीतून काढून पोत्यात टाकत होत्या.

सिगारेटची थोटकं हा दुसरा धडा. सगळ्यांना तो कापूस वाटतो, म्हणून कुणी उचलायच्या भानगडीत पडत नाही. तो कापूस नाही, सेल्युलोज ॲसिटेट आहे, तेही प्लास्टिकच. जगभरच्या मोजणीत तीस वर्षांहून जास्त काळ थोटकं पहिल्या नंबरावर होती. २०१९ च्या मोजणीत पहिल्यांदा खाऊच्या वेष्टनांनी त्यांना मागे टाकलं, ४७ लाखांहून अधिक वेष्टनं. आमच्या तुकड्यातही तोच क्रम आहे आणि त्यात मला कसलाही आनंद नाही, पण काकांनी ते कार्ड जपून ठेवलंय.

शेवाळाचं प्रायश्चित्त जरा उशिरा घेतलं. पक्षी बघायला येणारा एक मुलगा दुर्बीण गळ्यात घालून आमच्याकडे बराच वेळ बघत उभा होता. शेवटी जवळ आला आणि माझ्या हातातलं शेवाळाचं ओझं मागून घेतलं. वाळूवर ठेवून हलकंच उचललं. खालून तांदळाच्या दाण्याएवढे, टणाटण उड्या मारणारे जीव निघाले. शंभर तरी असतील. "हे यांचं घर," तो म्हणाला, "आणि पक्ष्यांचं जेवण." भरतीरेषेवर साठणाऱ्या या ओल्या पट्ट्यावर किनाऱ्याचं निम्मं जगणं चालतं. वाऱ्याने उडणारी वाळूही त्याच्याशी अडते आणि तिथे टेकडी धरू लागते. आता आम्ही शेवाळ उचलतो, झटकतो, त्यातलं प्लास्टिक वेचतो आणि होतं तिथे परत ठेवतो. ओंडके, नारळाची करवंटी, शिंपले, मेलेले मासे यांना हात लावत नाही. वेळ तिप्पट लागतो. नव्या येणाऱ्यांना हे पटवणं सगळ्यात अवघड, कारण तीन तास राबूनही किनारा फोटोत स्वच्छ दिसत नाही.

फोटोवरून आठवलं. एकदा एका कंपनीची माणसं आली होती, एकसारखे टी-शर्ट घालून. मनापासून राबली, खोटं कशाला बोलू. पण जाताना पाण्याच्या छोट्या बाटल्या, प्रत्येक टी-शर्टची वेगळी पिशवी आणि नाश्त्याचे डबे मिळून पावणेदोन पोती मागे ठेवून गेली. आम्ही ती मोजली नाहीत. मोजायला हवी होती का, यावर अजून दोन मतं आहेत.

पोतं भरल्यावर पुढे काय, हा प्रश्न कुणी विचारत नाही. आम्हीही वर्षभर विचारला नाही. गाडी येते, नेते, संपलं. एकदा वाटलं, निदान बाटल्या तरी भंगारात देऊ. दुकानदाराने एक बाटली उन्हाकडे धरली, अंगठ्याने दाबली, ती कर्रकन तडकली. "उन्हाने मेलीय," तो म्हणाला. आत वाळू, बाहेर खार, त्यावर चिकटून वाढलेले कठीण कवचाचे जीव. असा माल कुणी घेत नाही. वेष्टनांचं तर विचारूच नका. त्यात प्लास्टिक आणि धातूचा पातळ थर एकमेकांना चिकटवलेला असतो, तो सुटा करणं कुणाला परवडत नाही. म्हणून आता वाळूतून ताजी आलेली, लवचिक बाटली वेगळ्या पोत्यात, जाड नायलॉनचे दोर वेगळे, काच वेगळी, उरलेलं एकत्र. उरलेलंच जास्त असतं. ज्या पोत्यांत हे सगळं भरतो तीही प्लास्टिकच्या पट्ट्यांनी विणलेली आहेत, हे एकदा पोतं उन्हात महिनाभर विसरलं तेव्हा कळलं. उचलायला गेले तर हातात पांढऱ्या चुऱ्याशिवाय काही आलं नाही.

चुऱ्याचं काम सगळ्यात किचकट. थर्माकोलचा एक मोठा ठोकळा दिसला की लोक धावतात, पण तो उचलताना मोडला की हजार दाणे वाऱ्यावर. त्याला खालून फडका घालून, बाळ उचलावं तसं उचलायचं. आणि मग त्या गोळ्या. साबुदाण्याहून लहान, डाळीएवढ्या, पांढुरक्या किंवा पिवळट. मला आधी त्या खेकड्यांनी उकरून टाकलेल्या वाळूच्या गोळ्या वाटल्या. बोटांत चुरडल्या तर वाळूची गोळी फुटते, ही फुटेना. हा कारखान्यांकडे जाणारा कच्चा माल, ज्यापासून बाकीचं सगळं प्लास्टिक बनतं. मे २०२१ मध्ये श्रीलंकेजवळ एक्स-प्रेस पर्ल या जहाजाला आग लागली, तेव्हा त्यावर अशा गोळ्या सुमारे १,६८० टन होत्या. किनाऱ्यावर माणसं चाळणी घेऊन बसली होती, ते फोटो मी पाहिले होते. पण पाहणं वेगळं आणि गुडघे टेकून बसणं वेगळं. कोरडी वाळू चाळायची, चाळणीवर उरलेलं पाण्याच्या बादलीत सोडायचं, गोळ्या वर येतात, शिंपल्याचे तुकडे खाली. एका तासात एक चौरस मीटर. कंटाळा घालवायला आमच्यातली मुलं गोळ्यांच्या रंगांवर पैजा लावतात.

सुयांचं तेवढं हसण्यावारी नेत नाही. इंजेक्शनची सुई दिसली की जो पाहील त्याने हात वर करायचा, जागचं हलायचं नाही. लांब चिमटा आणि जाड प्लास्टिकची रुंद तोंडाची बरणी घेऊन एकच माणूस येतो. सुईवर टोपण बसवायचा प्रयत्न करायचा नाही. बंद डबे, कॅन, ज्यांत काहीतरी हिंदकळतंय, ते उघडायचे नाहीत, हलवायचे नाहीत. खूण करून ठेवायची आणि कळवायचं.

मोजणीचा खरा उपयोग झाला तो कान कोरायच्या काड्यांमुळे. दुसऱ्या वर्षी कार्डं समोर मांडली तेव्हा दिसलं की या प्लास्टिकच्या काड्या आमच्या तुकड्याच्या खडकाकडच्या वीस मीटरमध्येच सापडतात. खडकापलीकडे नाला येऊन मिळतो. काडी समुद्रातून आली असती तर सगळीकडे पसरली असती. ती संडासात टाकली जाते, सांडपाण्याच्या जाळीच्या गजांमधून उभी निसटते आणि नाल्यावाटे येते. आम्ही नाल्यावर, पाण्याच्या पातळीवर तरंगता दोर बांधला, त्याला जुनी जाळी खाली सोडली. सरळ आडवा बांधला होता; पहिल्याच जोराच्या पाण्याने कचरा मधोमध साठला, दोर तुटला आणि सगळं एकदम समुद्रात गेलं. कोळीबाबांना विचारलं. त्यांनी काठीने वाळूत एक तिरकी रेघ ओढली. तिरका बांधला की पाणी कचऱ्याला ढकलत एका काठाला नेतं आणि आपण काठावरून तो उचलतो. हे आम्ही त्यांना आधी का विचारलं नाही, असं त्यांनी विचारलं नाही. सभ्य माणूस.

गेल्या महिन्यात खडकाजवळ जाळं उघडं पडलं. हिरवं, नायलॉनचं, वाळूतून हातभर बाहेर. पूर्वी असं काही दिसलं की पाच-सहा जण धरून ओढायचो आणि कमरा धरून घरी जायचो. ओढून येत नाही. वर दिसतं त्याच्या कित्येक पट खाली असतं आणि प्रत्येक घरात ओली वाळू भरलेली असते. आधी खोदायचं, मग तुकडे कापायचे, सुरी नेहमी अंगाच्या बाहेरच्या दिशेने. ही शेवटची सूचना मी दुसऱ्यांना देत असतानाच माझा तळवा कापला होता, तीन टाके आणि धनुर्वाताचं इंजेक्शन, म्हणून ती मी जरा जोरात देते. जाळ्यात एक कुर्ली अडकलेली होती, जिवंत. पक्षीवाल्या मुलाने तिच्या पायांभोवतीचा एकेक धागा कापला. सुटल्यावर तिने त्याचंच बोट धरलं.

चार तास गेले. शेवटचा पीळ निघाला तेव्हा खड्डा कमरेइतका झाला होता आणि तळाशी पाणी पाझरत होतं. त्या पाण्यात पांढरं विणलेलं काहीतरी होतं. पोतं. ऊन न लागल्यामुळे जसंच्या तसं. वर काढून धुतलं तर फिकट गुलाबी झालेला २३ दिसला. ब्रशने घातलेला, तीनची शेपूट लांब.

कुणी काही बोललं नाही. कार्ड भरणाऱ्या मुलीला यातलं काही माहीत नव्हतं. ती या वर्षीच आलेली. "ताई, पोतं कशात लिहू? आणि आतलं?"

काका पोत्याच्या तोंडाची गाठ बघत होते. "आतलं तेव्हा मोजलं होतं का?" त्यांनी मला विचारलं.

"नाही. तेव्हा मोजत नव्हतो."

"मग ओत."

पाणी फिरलं होतं, पण अजून अर्धा तास हाताशी होता. ताडपत्री अंथरली. वाळू, कुजून काळं झालेलं शेवाळ, त्यात अडकलेलं एकेक वेचत गेलो. झाकणं एकोणीस निघाली.